परक्या बाईला सांगितलेलं

स्क्रीनवर पुन्हा 'मंडे' आला तेव्हा वरदाने फाइल थांबवली.

संगणकाने आपोआप उतरवून काढलेल्या त्या इंग्रजी मुलाखतीत एकाच पानावर सहा सोमवार होते. 'मंडे, आय थॉट इट इज गॅस.' 'मंडे, डॉक्टर सेड डोन्ट वेट.' 'मंडे, व्हॉट टू डू.' हा माणूस दर दोन वाक्यांनी सोमवारचं नाव का घेतो, काही कळेना. असं कुठे अडलं की मागे जाऊन नीट ऐकायचं आणि चुकलेला शब्द दुरुस्त करायचा, एवढंच तिचं काम. तिने दहा सेकंद मागे नेलं आणि हेडफोन कानांवर दाबून धरले.

तो माणूस 'मंडे' म्हणतच नव्हता. तो 'म्हणजे' म्हणत होता.

वरदाला हसू फुटलं. मराठी गडी! अमेरिकेत जन्म काढला तरी इंग्रजी बोलता बोलता 'म्हणजे' सुटत नाही. तिने एकेक सोमवार खोडायला सुरुवात केली. पाचवा खोडला. सहाव्यापाशी त्या माणसाने आकडा सांगण्याआधी दोनदा घसा खाकरला, एकदा जोरात, एकदा हळू, आणि मग म्हणाला, "नाइन थाउजंड."

तिचा हात की-बोर्डवरच राहिला. आकडा सांगण्याआधी असा दोनदा खाकरणारा एकच माणूस तिला माहीत होता. सातवीत गणितात अठ्ठावीस मार्क पडले, ते आईला सांगताना तो असाच खाकरला होता. ओहायोत घर घेतलं, त्याची किंमत फोनवर सांगतानाही असाच.

फाइलवर नाव नव्हतं. 'सहभागी ४१, पुरुष, वय ५१, ओहायो', एवढंच. तिने सुरुवातीपासून लावली. आता सोमवारांकडे तिचं लक्ष नव्हतं. तिचा धाकटा भाऊ अवधूत बोलत होता, आणि आयुष्यात कधी तिच्याशी बोलला नव्हता तसं बोलत होता.

वरदा सबनीस नॉटिंगहॅमला आली त्याला तेहेतीस वर्षं झाली होती. नवरा मोहन बस डेपोत मेकॅनिक, पुढे सुपरवायझर झाला, आता घरी होता. ती स्वतः वीस वर्षं एका सॉलिसिटरकडे टायपिस्ट होती. तिथे माणसं कमी केली तेव्हा शहरातल्याच एका कंपनीत घरून करायचं हे काम मिळालं. जगभरच्या संशोधन संस्था मुलाखती घेत. मशीन त्या उतरवून काढी आणि माणसं त्या तपासत. भारतीय उच्चारांशी मशीनचं जमत नसे, म्हणून तसल्या सगळ्या फाइल्स वरदाकडे येत. गेले दोन महिने अमेरिकेतल्या एका आरोग्यधोरण संस्थेचं काम चालू होतं. विम्याच्या खर्चापायी लोक कोणकोणते उपचार पुढे ढकलतात, हा त्यांचा विषय. गुजराती मोटेलवाले, पंजाबी ट्रकवाले, एक तेलुगू नर्स. वरदा ऐके, हळहळे, दुरुस्त करी, पाठवून देई आणि भाजी फोडणीला टाकी. काम म्हणजे काम.

त्या मंगळवारी तिने एक तास सात मिनिटांची फाइल एका बैठकीत ऐकली.

जूनमध्ये त्याची नोकरी गेली होती. हे तिला माहीतच नव्हतं, दर रविवारच्या फोनवर "ऑफिस काय म्हणतंय?" या प्रश्नाला "मस्त" हेच उत्तर येई. नोकरीबरोबर विमा गेला. तोच विमा स्वतःच्या खिशातून चालू ठेवायचा तर महिन्याला दोन हजार डॉलर, म्हणून त्यांनी स्वस्तातला घेतला. त्यात वर्षाचे पहिले नऊ हजार आपण भरायचे, माणशी, विमा त्यापुढचं देणार. मुलीला, ईशिताला, दम्याचं इंजेक्शन लागतं, तिचे नऊ हजार केव्हाच भरून झाले. मग ऑगस्टमध्ये याची छाती भरून यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाल्या, ताबडतोब अँजिओग्राफी करा.

"आणि तुम्ही केलीत?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं. आवाज तरुण होता, कोवळा.

"जानेवारीत नवी नोकरी लागतेय. पहिल्या दिवसापासून इन्शुरन्स आहे. तोवर मी... म्हणजे, सांभाळून राहतो." मग तो सांगत गेला. ब्लड प्रेशरची गोळी एक दिवसाआड घेतो. बेसमेंटमधून धुतलेले कपडे वर आणताना मधल्या पायरीवर बसतो. मुलीने पाहिलं तर खिशातून फोन काढतो, म्हणजे तिला वाटतं बाबा मेसेज बघतोय.

"कुटुंबातल्या आणखी कोणाला हे माहीत आहे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझी एक बहीण इंग्लंडमध्ये आहे," अवधूत म्हणाला. "तिला नाही सांगितलं. तिनेच मला वाढवलंय. तिला हे सांगणं म्हणजे... नाही. तिला नाही."

वरदाने हेडफोन काढले. खाली मोहन काठी टेकत स्वयंपाकघरात येरझारा घालत होता. त्याच्या खुब्याच्या ऑपरेशनचा सरकारी यादीतला नंबर चौदा महिने लागला नव्हता. त्या काठीचा ठोका एरवी तिला ऐकूही येत नसे. आज प्रत्येक ठोका आला.

तिने आधी तनूला फोन केला. तनू तिची मुलगी, ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीत रिसर्चच्या डेटाचंच काहीतरी काम करायची. तिला यातलं कळतं, असं वरदाला वाटलं.

"आई, तू आधी तो फाइल बंद कर," तनू म्हणाली. "आणि मामाला फोन नको करू. सिरियसली."

"अगं, त्याच्या छातीत दुखतंय!"

"आय नो. पण त्याने कन्सेंट रिसर्चला दिला, तुला नाही दिला. तू साइन केलंय ना, ओळखीचा माणूस निघाला तर रिपोर्ट करायची? त्यांच्याकडे सेफ्टी प्रोटोकॉल असतो. कोणी आजारी वाटला तर टीम कॉन्टॅक्ट करते. डॉक्टर असतात. दे विल डू इट प्रॉपरली, आई."

वरदा नियमाने वागणारी बाई. तेहेतीस वर्षांत तिने बिनतिकिटाचा प्रवास केला नव्हता की कौन्सिलच्या चुकीच्या डब्यात कचरा टाकला नव्हता. तिने सुपरवायझर हेदरला सविस्तर ईमेल लिहिलं: सहभागी ४१ माझा सख्खा भाऊ आहे, त्याच्या जिवाला धोका आहे, कृपया तातडीने पाहावं. तासाभरात हेदरचं उत्तर आलं. फार वाईट वाटलं, तुम्ही योग्य तेच केलंत, अमेरिकेतल्या टीमला कळवलं आहे, तोवर सहभागीशी या विषयावर बोलू नये.

दिवसभरात फाइल तिच्या यादीतून नाहीशी झाली.

मधे रविवार आला. अवधूतचा फोन नेहमीसारखा व्हिडिओवर, नेहमीसारखा गाडीतून. गेले कित्येक रविवार तो गाडीतूनच का बोलतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आज तिला दिसलं की गाडी चालू नाही. मागच्या काचेत त्याच्याच गॅरेजचं दार होतं.

"काय ताई, थंडी पडली का तुमच्याकडे?"

"पडली. तू कसा आहेस?"

"मस्त!"

"जेवतोस ना नीट? जिने बिने चढताना..."

"जिने?"

"काही नाही. वय झालं आता आपलं, म्हणून म्हटलं."

तो हसला. चेहऱ्याचा रंग जुन्या पेपरासारखा दिसत होता, पण फोनच्या उजेडात कोणीही तसंच दिसतं, असं तिने स्वतःला समजावलं. फोन ठेवल्यावर तिने तो ओट्यावर पालथा घातला आणि कणीक मळायला घेतली. कणीक भलतीच सैल झाली.

मोहन दारात उभा होता. "सांगितलं नाहीस?"

"त्यांचे डॉक्टर बोलणार आहेत त्याच्याशी."

मोहनने काठी दुसऱ्या हातात घेतली. तो बसच्या इंजिनांत आयुष्य घालवलेला माणूस. कुठे आवाज बदलला की आधी गाडी थांबवायची, कागद मागाहून भरायचे, ही त्याची रीत. पण बायकोच्या कामात तो कधी पडला नव्हता.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, उत्तर आलं. हेदरने ते जसंच्या तसं पुढे पाठवलं होतं. संशोधनाच्या टीमने सुरक्षेच्या कार्यपद्धतीनुसार सहभागी ४१ यांच्याशी संपर्क साधला असून त्यांना उपयुक्त माहितीचं पत्रक ईमेलने पाठवण्यात आलं आहे. पत्रकही जोडलेलं होतं. वरदाने उघडलं. दोन पानं. मोफत दवाखान्यांची वेबसाइट, बिलात सवलत मागण्याचा नमुना अर्ज, मनःस्वास्थ्याची हेल्पलाइन. शेवटी ठळक अक्षरांत: छातीत दुखत असल्यास तातडीच्या सेवेला फोन करा.

तिने ते दोनदा वाचलं. दहा दिवस ती या कागदाची वाट बघत होती.

तिकडे सकाळचे नऊ झाले असतील. तिने फोन लावला. अवधूतने गाडीत जाऊन उचलेपर्यंत ती थांबली आणि मग एका दमात सांगून टाकलं. काम काय करते, फाइल कशी आली, ओळखलं कसं.



"किती ऐकलंस?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"कपडे घेऊन मधल्या पायरीवर बसतोस, तिथपर्यंत. आणि त्याच्या पुढचंही."

"ताई, मी ते तुला नव्हतं सांगितलं." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "एका परक्या बाईला सांगितलं होतं. ती परकी होती म्हणून सांगितलं. मला पुन्हा तिचं तोंड बघायचं नव्हतं, तिला माझं. पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड देतात त्याचं. इशूला बूट घेतले त्यातून. आणि तू... तू तिकडे बसून हेडफोन लावून..."

"मी मुद्दाम ऐकलं नाही रे."

"पण पूर्ण ऐकलंस."



"इकडे निघून ये," ती शेवटी म्हणाली. "आपण इथे दाखवू."

"तिकडे मी कोण? पाहुणा. पाहुण्याला तुमचं हॉस्पिटलसुद्धा बिलच देतं. वाचलंय मी सगळं, ताई. सगळीकडचं वाचून झालंय माझं. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. एक जानेवारी."

"मीनलला सांगितलंयस?"

"तिचं नाव यात आणू नकोस."

"रविवारपर्यंत सांग. नाहीतर मी सांगेन."

त्याने फोन ठेवून दिला. पन्नास वर्षांत त्याने तिचा फोन असा ठेवला नव्हता.

रविवारी त्याचा फोन आला नाही. संध्याकाळी वरदाने मीनलला लावला. भावजय तशी मोजकं बोलणारी. नागपूरची, पोस्टमास्तरांची मुलगी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अमेरिकेला गेली आणि तिथे एका लायब्ररीत तासांवर काम करायची. वरदाने शब्द जुळवून ठेवले होते. घाबरू नकोस, पण तुला कळायला हवं, असं सुरू करायचं होतं.

मीनलने पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "मला माहीत आहे, वरदाताई."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. डॉक्टरकडे मीच गेले होते बरोबर. आम्ही दोघांनी बसून ठरवलं. या वर्षी इशूचं इंजेक्शन, याची टेस्ट जानेवारीत. तो पायरीवर बसतो तेव्हा मी वरून नळ सोडते, म्हणजे इशूला त्याची धाप ऐकू येत नाही." ती थांबली. "तुम्हाला काय वाटलं, लपवलं म्हणून हे असं झालंय? माहीत असून काय करू, ते सांगा ना मला. ते सांगणारं कोणी भेटत नाही."

वरदाला वाटलं होतं, गुपित फुटलं की गाठ सुटेल. इथे गुपित नव्हतंच. दोन शहाणी माणसं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, विचार करून, या उत्तरापर्यंत आली होती.

ती खाली आली तेव्हा मोहन खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "माझ्या खुब्याचे पैसे आहेत ना बाजूला?"

ते पैसे दोघांनी दोन वर्षं साठवले होते. नंबर लागत नाही म्हटल्यावर प्रायव्हेटमध्ये ऑपरेशन करून टाकू, असं ठरत आलं होतं. जानेवारीत ऑपरेशन करणारा एक सर्जनही बघून ठेवला होता.

"अहो, पण तुम्हाला रात्र-रात्र झोप नाही."

"खुब्याने कोणी मरत नाही. पाठव."

मीनलने पैसे घेतले. अवधूतने घेतले नसते, म्हणून तिने त्याला विचारलंच नाही. सोमवारपासून ती हॉस्पिटलांना फोन करत सुटली. रोख भरून टेस्ट करायची तर कुठे, किती, कधी. मधे त्यांची थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली. अखेर तारीख मिळाली: अकरा डिसेंबर. ती सांगायला अवधूतने स्वतःच फोन केला.

"मिळाली बाबा तुला हवी ती तारीख," तो म्हणाला. राग गेला नव्हता, पण बोलत होता. "खूश?"

"खूश."

"मोहनरावांना सांग, मी फेडणार आहे."

"सांगते. गोळी रोज घे हं आता."

"घेतोय गं."

चार डिसेंबरला दुपारी चार वाजता मीनलचा फोन आला. वरदा तेव्हा दुसऱ्याच कुठल्याशा कामाची फाइल तपासत होती, स्कॉटलंडमधल्या मासेमारीबद्दलची. फोनवर मीनलचं नाव दिसलं. मीनल कधी या वेळी फोन करत नसे. तिकडे सकाळ होती. मीनल कामावर असायला हवी होती.

अवधूत दूध आणि ब्रेड आणायला गेला होता. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी, इंजिन चालू, हीटर चालू. आत बसलेला माणूस हलत नाही, हे ट्रॉल्या गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या लक्षात यायला पंचवीस मिनिटं लागली.

"फोन हातातच होता त्याच्या," मीनल सांगत होती. तिचा आवाज अगदी सपाट होता. "पोलिसाने मला दिला. मला वाटलं, मला फोन लावत असेल, नाहीतर अँब्युलन्सला. उघडून बघितलं तर इन्शुरन्सचं अ‍ॅप होतं. जवळपासचं कोणतं हॉस्पिटल आपल्या विम्यात बसतं, ते शोधत होता. यादी उघडी होती, ताई. अर्ध्यापर्यंत खाली गेला होता."

वरदा ओहायोला गेली. तनू ब्रिस्टलहून हीथ्रोला आली आणि तिच्याबरोबर गेली.  ग्रीनलँडवरून जाताना कधीतरी तनू एकदम म्हणाली, "आई, मी तुला सांगितली की रिपोर्ट कर. मी सांगितली." आणि तिचा चेहरा लहानपणी पडून आल्यावर व्हायचा तसा झाला. वरदाने तिचा हात धरला. मुलीचं व्याकरण दुरुस्त करायची तिची जुनी खोड. आज ते चुकलंय, हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्या मनात फक्त एक वजाबाकी चालू होती. अकरातून दहा दिवस गेले तर राहते एक तारीख. एक तारखेला तो होता. दोनला होता, तीनलाही होता.

ती वजाबाकी तिने कोणाला सांगितली नाही. मोहनला ती न सांगताच कळली होती, आणि तोही कधी बोलला नाही.

तिकडे आठ दिवसांत वरदाने स्वयंपाक केला, आल्यागेल्याला चहा दिला. सोळा वर्षांच्या ईशिताच्या खोलीच्या दाराशी ताट ठेवलं, उचललं, पुन्हा गरम करून ठेवलं. चौथ्या दिवशी ईशिता ताट घेऊन स्वतः खाली आली आणि तिने इंग्रजीतच विचारलं, बाबा आजारी आहेत हे तुला माहीत होतं का? मीनल भांडी विसळत होती. तिचे हात थांबले. खोटं बोलणं सोपं होतं. वरदा म्हणाली, "हो. पण मला ते त्याने नाही सांगितलं. त्याला सांगायचं नव्हतं. तुला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं." मुलगी टेबलाशी बसली. मग ताटातला वरण-भात खायला लागली, खाली मान घालून, भरभर.

वरदाला तेराव्यापर्यंत राहायचं होतं. पण मोहनच्या ऑपरेशनची चिठ्ठी आली होती, पंधरा डिसेंबरची, पंधरा महिने उलटून गेल्यावर. कोणीतरी रद्द केलं म्हणून मधेच नंबर लागला होता. मोहन म्हणाला, पुढे ढकलू. मीनलने ते ऐकलं आणि वरदाच्या हातून फोन घेतला. "भावजी, ढकलायचं नाही," एवढंच म्हणाली आणि फोन परत दिला.

परतल्यावर वरदाने हेदरला खरं ते सगळं लिहून कळवलं: मी भावाशी बोलले, मनाई असताना बोलले. उत्तर सभ्य होतं. आपल्या दुःखात सहभागी आहोत. गोपनीयतेचा भंग झाल्यामुळे या प्रकल्पाच्या फाइल्स यापुढे आपल्याकडे येणार नाहीत. तसंच सहभागी ४१ यांची मुलाखत नियमानुसार अभ्यासातून वगळण्यात आली असून ध्वनिमुद्रण पुसून टाकण्यात आलं आहे. म्हणजे बासष्ट मुलाखतींच्या एकसष्ट झाल्या. तो जे कोणापुढे बोलला नव्हता ते एकदाच बोलला होता, आणि आता ते कुठेही नव्हतं.

तेराव्याच्या दिवशी दुपारी बारा वाजता तिने मीनलला व्हिडिओ लावला. मोहन वरच्या खोलीत झोपला होता, ऑपरेशनला एकच दिवस झाला होता आणि हॉस्पिटलने लगेच घरी पाठवलं होतं. वरदाने पहाटे उठून पुरण घातलं होतं, भाताची मूद, अळूवडी, अवधूतला आवडायचे म्हणून मुद्दाम बटाट्याचे काप. तिकडे गुरुजींना वेळ कितीची दिलीय, एवढंच विचारायचं होतं, म्हणजे त्याच वेळी पान वाढता येईल.

फोन उचलला तेव्हा मीनल गाडीत होती. जाड कोट, गळ्यात निळ्या फितीला लटकवलेलं ओळखपत्र.

"पाचच मिनिटं हं, वरदाताई. पावणेआठला पोचायचंय."

"कुठे?"

"शाळेच्या किचनमध्ये नोकरी घेतलीय. डिस्ट्रिक्टची आहे, पूर्ण वेळ. आज ओरिएंटेशन."

"आज? मीनल, आज तेरावा गं."

"माहीत आहे." तिने हातमोजे चढवले. "आज हजर नसले तर इन्शुरन्स फेब्रुवारीपासून लागतो. हजर असले तर एक जानेवारीपासून. इशूचं इंजेक्शन सहा जानेवारीला आहे. गुरुजींना संध्याकाळी बोलावलंय." आणि मग, दाराची कडी उघडता उघडता म्हणाली, "तो थांबेल तोपर्यंत."

तिने फोन शेजारच्या सीटवर टेकवून उभा ठेवला आणि ती उतरली. वरदाला आता फक्त गाडीची समोरची काच दिसत होती. रात्रभर बर्फ गोठून ती आतून पांढरीफटक दिसत होती, भिंतीसारखी. बाहेरून खरवडल्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. बराच वेळ नुसता आवाज, काही दिसेना. मग त्या पांढऱ्यात एक ओरखडा उमटला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि हळूहळू ताटाएवढी जागा मोकळी झाली. त्यातून मीनलचा चेहरा दिसला. नाक लाल झालेलं, ओठ घट्ट मिटलेले, नजर हातातल्या कामावर.

तेवढंच पुरेसं आहे, असं तिने ठरवलं असावं. उरलेली काच तशीच ठेवून ती आत आली, पट्टा लावला आणि त्या मोकळ्या जागेतून रस्ता दिसावा म्हणून जराशी पुढे वाकून तिने गाडी काढली.